उलगडलेली पाठ

माझ्या थोरल्या नणंदेच्या पाठीला लहानपणापासून कुबड होतं. कुठलाही तयार कोट तिरकाच बसायचा, म्हणून कुबड झाकायला वन्सं भर उन्हाळ्यातही शाल पांघरायच्या. मी कॉम्प्युटरवर कपडे बेतते. त्यांच्या मापाचा कोट शिवायचा म्हणून फार मागे लागल्यावर त्यांनी एकदाची पाठ स्कॅन करू दिली. ती पडद्यावर फिरताना पाहून त्यांनी मान वळवली. मी बटण दाबलं. पडद्यावरची पाठ शिवणींवर उसवली, उलगडली आणि कापड बेतायचा सपाट कागद होऊन प्रिंटरमधून बाहेर आली. वन्सं चष्मा लावून टेबलावर ओणवल्या. “अगं, यात माझं कुबड कुठंय?” “तुम्हीच शोधा की!” त्यांचं बोट कागदभर हिंडून एका निमुळत्या खाचेपाशी थांबलं. “ही कापून कडा जोडल्या की कापड तिथं फुगतं,” मी म्हणाले. “एवढंच?” त्यांनी खाचेच्या दोन्ही कडा बोटांनी जुळवून पाहिल्या. मग कोटाचं कापड पुढ्यात ओढत म्हणाल्या, “सरक, हे मी कापते.”