ढिले काठ

ब्रुनोचे मागचे पाय फरफटायला लागले, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ऋतुजाला सांगितलं, "जर्मन शेफर्डमध्ये आईबापाकडूनच येतो हा मज्जारज्जूचा आजार. औषध नाही. पोटाखाली पट्टा घालून फिरवत राहा." विकतच्या पट्ट्यानं ब्रुनोचं पोट सोललं. ते पाहून बाबांनी बंद पडलेल्या हातमागावरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवल्या. काठ जरा ढिला पडला, तर विणलेलं लुगडं उसवणारे बाबा. या पट्ट्याचे काठ मात्र त्यांनी मुद्दाम ढिले विणले. "त्याले घासाले नाही पाहिजे," म्हणाले. त्या पट्ट्याच्या आधारानं ब्रुनो अंगणभर हिंडला. ऋतुजानं डोळे पुसले, तोवर माग पुन्हा खडखडू लागला. "आता काय विणून राहिले, बाबा?" "दुसरा पट्टा." "त्याले एक पुरते न?" बाबांनी धोटा फेकला. "याची सख्खी बहीण हाय न सक्करदऱ्याले. अजून मस्त पळते. पळू दे तिले."