शेजारचा त्रास: नाही

घर विकून घड्याळजींना पैसे मिळणार होतेच, पण त्यांचा खरा नफा होता झोप.

वर्षभरापूर्वी वरच्या घरात एक म्हातारी एकटीच राहायला आली, आणि रोज उजाडायच्या आत लोखंडी पेटी फरशीवर ओढू लागली. घड्याळजी वर जाऊन हात जोडून आले. म्हातारी कानाला हात लावून म्हणाली, "मोठ्यांदा बोल बाबा, मला ऐकूच येत नाही." बहिऱ्यापुढे काय भांडणार? घड्याळजींचे हात कापू लागले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटायची आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरायचं.

गिऱ्हाईक घरालाही एकच आलं, एक चष्मेवाला. घड्याळजींनी त्याला दुपारीच बोलावलं. तेव्हा म्हातारी झोपलेली असे. त्याने नळ सोडून पाहिले, भिंती ठोकल्या, शेजाऱ्यांची मात्र चौकशीच केली नाही. मग भाव असा पाडून मागितला, की दलालाचाही चेहरा उतरला. घड्याळजी एका शब्दात हो म्हणाले. उगाच ताणलं आणि हा पहाटे येऊन टपकला तर?

विकणाऱ्याने घराचे दोष लिहून द्यायचे, असा तिथला कायदा. दलालाने कागद पुढे सरकवला. "गळती, वाळवी, शेजारचा त्रास. काही लपवलं आणि नंतर निघालं, तर भरपाई तुमच्याच गळ्यात."

बायकोने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, खरं काय ते लिहा. सज्जन दिसतो हो बिचारा."

"सज्जनाला गाढ झोप लागते म्हणतात."

"आणि तुम्हाला?"

"मला लागेल ना, उद्यापासून."

बाहेर येऊन त्यांनी न्हाणीघरातली गळती इमानदारीत लिहिली. शेजारच्या त्रासापुढे लिहिलं, 'नाही'. खाली सही केली.

चष्मेवाल्याने पेन उघडलं, आणि वर पेटी घरघरली. भरदुपारी! बायकोने डोळे मिटले.

चष्मेवाल्याने मान वर केली नाही. सावकाश सही केली, घड्याळजींनी लिहिलेला कागद नीट घडी करून खिशात घातला आणि फोन कानाला लावला.

"झालं, आई," तो अगदी हळू म्हणाला. "आता राहू दे ती पेटी."

वरची घरघर तिथेच थांबली.