खड्ड्याचे माप

“आधी त्या देवाचं नाव सोड. मग चौघं काय, अख्खी वाडी खांदा देल,” मारुती म्हणाला आणि कमळीने कोयत्याने उकरून काढलेली माती त्याने पायाने पुन्हा खड्ड्यात लोटली.

ही तिसरी वेळ होती. तिच्या नवऱ्याचे, मोतीरामचे प्रेत बाजूलाच ऐनाच्या झाडाखाली गोधडीत गुंडाळून ठेवले होते. जोह्याहून आलेला तिचा भाऊ पोपट माश्या हाकत बसला होता. मातीला हात लावलास तर हात तोडू, असे त्याला सांगून ठेवले होते.

सकाळपासून तिला घोटभर पाणी कोणी विचारले नव्हते. अडवायला मात्र सगळी वाडी मसणात हजर! धाटावच्या कंपनीत जाणारा कमळाकर तर घड्याळ बघून म्हणाला, “आटप गो, माजी शिफ्ट हाय.” जसा काही त्याचाच खोळंबा झाला होता.

वाडीची पहार मारुतीने धरून ठेवली होती. ती मोतीरामच्या तळहातांनी घासून गुळगुळीत झालेली. वाडीत कोणीही मेले की खड्डा मोतीराम खणायचा आणि मुडदा उतरवण्याआधी स्वतः आत आडवा होऊन माप घ्यायचा. मेलेल्या माणसाचे पाय दुमडायचे नाहीत, एवढाच त्याचा हट्ट. येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागल्यावरही त्याने एकाही खड्ड्याला नाही म्हटले नव्हते. आज त्याच मसणात त्याला साडेतीन हात जागा मिळत नव्हती.

“तुजा येशू देल ना खणून,” गर्दीतून कोणीतरी हसले.

“खणतोच हाय,” कमळी म्हणाली. “ह्या हातांनी.”

तिची बोटे सोलवटली होती. खड्डा कसाबसा गुडघाभर झाला, तसा मारुतीने पुन्हा पाय उचलला. कमळीने कोयता बाहेर टाकला आणि ती सरळ खड्ड्यात आडवी झाली. पदर सारखा करून तिने छातीवर हात जोडले. क्षणभर तिचे ओठ हलले.

“आता लोट माती.”

मारुतीचा पाय ढिगावर तसाच राहिला. मागून त्याची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली.

“पाय काढ, मारत्या. तुजा बाप मेला तवा मोत्या असाच निजला व्हता त्याच्या खड्ड्यात. तवाबी तो प्रार्थनेला जायचा. तवा इचारलंस त्याला, देव कुठला म्हनून?”

मारुतीने पाय मागे घेतला.

“ईतभर कमी हाय,” खड्ड्यातून कमळीचा आवाज आला. “तो माज्यापेक्षा उंच व्हता. पहार दे, मारुती.”