सूर्यचंद्राखालची बाई

दगड हलला तशी जेसीबीवाल्याने मशीन थांबवली.

"हळू रे," शांताबाई म्हणाल्या. "झोपलीय ती."

तेजसने आईला हाताला धरून जरा मागे घेतलं. आईची एकच अट होती. सांडोरची वाडी बिल्डरला द्यायची तर खुशाल द्या, पण दगडाखालच्या पहिल्या आईला सोबत घेतल्याशिवाय ती नायगावच्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवणार नव्हती. आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि सह्या तर उद्यावर आल्या होत्या.

दगडाचा वीतभर माथा तेवढा मातीबाहेर असे. त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले. गोष्ट घरातल्या पोराटोरांना पाठ होती. जगात नुसता चिखल होता, तेव्हा चंद्राने भरती आणून तो मळला, सूर्याने सुकवला आणि पहिली बाई घडली. तिने माणसं जन्माला घातली, दमली आणि इथेच जमिनीत निजली. तिची झोप मोडू नये म्हणून ते दोघे आळीपाळीने पहारा देतात. वाडीतल्या केळीचा पहिला घड तिचा. मोतीबिंदूने दिसेनासं झालं तरी शांताबाईंचं हळदकुंकू कधी चुकलं नव्हतं.

तेजसची बायको सीमा शाळेत इतिहास शिकवते. तिने पाइप धरून दगडाची माती धुतली. खाली खरोखरच एक कोरलेली बाई निघाली. पण ती एकटी नव्हती. तिच्या अंगावर गाढव चढलेलं होतं.

तेजसने वाकून पाहिलं. "हे काय आहे?"

"गधेगाळ," सीमा त्याच्या कानाशी येऊन पुटपुटली. "जमीन दान दिली की पूर्वी असा दगड रोवायचे. शिवी आहे ही. सूर्यचंद्र आहेत तोवर जो कोणी ही जमीन विकेल, बळकावेल, त्याच्या आईची अशी गत होवो."

त्याला शिसारी आली. एवढ्या पिढ्या घराने एका शिवीला केळी वाहिली होती. आणि उद्या विक्रीवर सही तोच करणार होता.

तोवर शांताबाई चाचपडत खड्ड्याशी येऊन बसल्या. त्यांची बोटं ओल्या दगडावरून फिरली आणि बाईच्या तोंडावर थांबली.

"सापडली," त्या म्हणाल्या. "मला मेलीला दिसत नाही. तू सांग रे, कोणासारखी दिसते आपली पहिली आई?"

तेजसने आईला उठवून बाजूला घेतलं आणि जेसीबीवाल्याला माती परत लोटायची खूण केली.

"तुझ्यासारखी," तो म्हणाला.