शंकरप्पांची मोटार

सकाळपासून दोन मोटारी बघून झाल्या होत्या. ही तिसरी. करीमने बॉनेट उघडून आत कान लावला आणि बऱ्याच वेळाने मान हलवली.

"ही घ्या, साहेब. इंजिन लई गोड चालतंय."

वेणीमाधवराव वकिलांनी घाम पुसला. घरची जुनी मोटार गेल्या महिन्यात कायमची बसली होती, आणि त्यांना स्वतःला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. अकरा वर्षं करीम त्यांची गाडी चालवत होता. तो म्हणेल ती घ्यायची, असं घरात ठरलेलं होतं. सात रस्त्यावरची सकाळची मोटार स्वस्त होती, चकचकीत होती; पण करीमने तिचा ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि खाली उतरून म्हणाला, "हिच्यात लेकरं बसवू नका."

"चार वर्षांत एकदा दगा दिला नाही हिनं," मोटारीचे मालक शंकरप्पा म्हणाले. "आता दुकान मोडून गावाकडं निघालो. तिथं हिला रस्ता कुठाय? चांगल्या घरी पडली म्हंजे बरं."

"एक चक्कर मारून बघू या," यशोदाबाई म्हणाल्या. त्या दोन्ही मुलींना घेऊन मागे बसल्या. वकील पुढे बसले, शंकरप्पा दाराखालच्या पायफळीवर उभे राहिले. करीमने गाडी साखर पेठेकडे घेतली.

ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. दिवाळीपासून करीमच्या डोळ्यांपुढे धूर होता, आणि असल्या उन्हात तो धूर दाट व्हायचा. मग तो आठवणीने गाडी चालवायचा. इथे पिंपळ, पुढे सोडावाटरचं दुकान, मग उतार. टांग्याची घंटा कानांनी ओळखायची, सायकलवाला अंदाजाने. संध्याकाळी अंग नाही, डोकं दुखायचं. बायकोला, अमिनालासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. घरात सहा तोंडं होती आणि हात एकट्याचे.

तो सवयीने कोपऱ्यावर वळला.

"अरे, अरे! समोर बघा!" शंकरप्पा ओरडले.

करीमने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण तोवर कडकड करून काहीतरी मोडलं होतं. गल्लीच्या कडेला कोष्ट्यांनी विणायच्या सुताचा लांब ताणा पसरला होता. ताणा पेलणारे बांबूचे दोन घोडे आडवे पडले, धागे तुटून मडगार्डात गुंतले. सुताला लावायच्या खळीचा कुंचला हातात धरून एक बाई तिथेच उभी होती, चाकापासून हातभर अंतरावर.

"अय्यो! डोळे फुटले काय तुजे? आठ दिवसांचं काम माजं!"

"अक्कम्मा, थांब जरा," शंकरप्पा खाली उतरून म्हणाले. ते त्याच पेठेतले, तिला ओळखत होते.

वकील पांढरेफटक पडले होते. "हा तुमचा ब्रेक, शंकरप्पा? माझी पोरं मागं बसली आहेत!"

"अहो, परवाच तपासून घेतलाय की."

"मग वेळेवर थांबली का नाही? नको आम्हाला ही. करीम, सकाळचीच घेऊ. तिचा ब्रेक नीट करून घेता येईल. काय?"

करीम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. सुटायला दुसरं काही बोलायचं नव्हतं, नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. त्याने मागे वळून बघितलं. दोन्ही मुली आईला बिलगल्या होत्या. त्याला दिसले ते दोन पुसट ठिपके.

"करीमकाका, लागलं का कुणाला?" त्यांतला एक ठिपका म्हणाला.

"न्हाय बेटा."

मग तो वकिलांकडे वळला. "ब्रेक चांगला हाय, साहेब. मीच उशिरा दाबला."

"का?"

"दिसलं न्हाय."

"काय दिसलं नाही?"

"सूत दिसलं न्हाय. बाई बी दिसली न्हाय."

शंकरप्पांनी नजर दुसरीकडे वळवली. "कधीपासून?" वकिलांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"होळीनंतर आपण तुळजापूरला गेलो होतो," यशोदाबाई म्हणाल्या. "घाटातून." त्यांनी मुलींना आणखी जवळ ओढलं.

करीम उतरला. मडगार्डातले धागे त्याने चाचपून सोडवले, एकही न ओढता. वकिलांनी अक्कम्माला नुकसान भरून द्यायचं कबूल केलं आणि शंकरप्पांना म्हणाले, "गाडी आम्ही घेतो. घरापर्यंत तेवढी तुम्ही चालवा." करीमच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "उद्या ये. बघू काहीतरी." ते 'काहीतरी' काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मोटार निघून गेली. तिचा आवाज करीम कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिला. इंजिन खरंच गोड चालत होतं.

अक्कम्माने घोडे उभे केले होते. ती खाली बसून तुटलेली टोकं निवडत होती.

"उभा काय ऱ्हातो? ये, हात लाव."

करीम तिच्यासमोर उकिडवा बसला. सुतावरून बोटं फिरवू लागला. टोक सापडेना, सापडलं ते हातातून निसटलं. अक्कम्मा थोडा वेळ बघत राहिली. मग तिने वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं काहीतरी होतं.

त्याचा हात ओढून तिने धाग्यांची एक जुडी त्याच्या मुठीत दिली.

"तू नुसता धर," ती म्हणाली. "गाठ मी मारते."