कपाटातली रिकामी जागा

बँकेतल्या पहाऱ्यावरून निवृत्त झालेल्या धम्मानंदांचा नियम पक्का होता. दुनळी बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं स्वयंपाकघरातल्या पेटीत आणि दोन्ही किल्ल्या स्वतःच्या गळ्यात. घरात चार वर्षांची नात होती ना, मैत्री.

निवडणूक लागली तशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पावती खिशात घालून, नातीला मांडीवर घेऊन धम्मानंद दुपारचे निवांत बसले. सक्करदऱ्याच्या त्या घरात इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात कपाटात खट्ट झालं. काडतुसं भरायला बंदूक मधून उघडली, की अगदी असंच वाजतं.

"काहून दचकले?" त्यांच्या पत्नी सरिताबाई हसल्या. "उन्हानं पत्रा वाजते."

धम्मानंदांनी कपाट उघडून पाहिलं. तेलकट फडकं आणि रिकामी जागा. मग तेही हसले. कुलूप लावून, मनाच्या समाधानासाठी नातीला कडेवर घेऊन काडतुसांची पेटी पाहायला गेले. तिचंही कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी ते काढून झाकण उघडलं.

"मी मोजू, आबा?" मैत्रीला नुकतेच आकडे येऊ लागले होते.

"मोज. पण दुरूनच, हात नाही लावायचा."

तिनं हवेत बोट नाचवत मोठ्यानं मोजलं. "आठ!"

"पुन्हा मोज वं. सकाळीच पाहिले म्या, दहा होते."

तिनं पुन्हा मोजलं. आठच.

आणि मागच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात, भरलेली बंदूक मिटावी तसं खट्ट झालं.