फरशीवरची ऊब

मावला गावातल्या भागीरथामावशीच्या पत्र्याच्या छपरासाठी सरकारी योजनेतून आलेला, ऊन परत आभाळात फेकणारा पांढरा रंग तिचा शेजारी हर्षदीप कारकून यानं आपल्याच स्लॅबवर लावला. तिच्या पत्र्यावर नुसता चुना फासला. मे महिन्यात मावशी उष्माघातानं गेली.

तेव्हापासून त्याच्या गारेगार घरात फरशीचा एकच तुकडा तापलेला असे, कुशीवर निजलेल्या माणसाएवढा.

"इथं कोन झोपलं होतं?" त्याची बायको मैत्री हिनं विचारलं. "फरशी गरम काऊन लागून राह्यली?"



ती बाजारात गेल्यावर भर दुपारी तो त्या तुकड्यावर तळवा टेकून बसला. "मावशी, माह्यं चुकलं," तो पुटपुटला.

हाताखालची ऊब हळूच भिंतीकडे सरकली, चटईवर दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी.